लेण्यांतले चारशे फोटो एकदम उजळताना: माझा अनुभव

कार्ले आणि बेडसे इथल्या चैत्यगृहांचे ४१२ फोटो, सगळे रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये. तिवई नव्हती, फ्लॅश वापरला नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त फोटो अंधारे आले. एकेक उघडून उजळायचे तर दोन दिवस जातात. हे काम लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण अडीच तासांत झालं, पण त्यातला पहिला पाऊण तास एकाही स्लाइडरला हात न लावता फक्त फोटो वेगळे करण्यात गेला. तो वेळ वाचवू नका.

एकगठ्ठा काम बिघडतं ते बहुतेकदा इथेच. सगळे फोटो निवडून एक्स्पोजर +१ केलं की अंधारे फोटो जरा बरे होतात आणि ओसरीतले पांढरे फटफटीत. म्हणून गट पाडायचे ते जागेवरून नाही, उजेडावरून. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, बेडश्याचं पूर्वेकडे. कार्ल्याला दुपारी तीनला आत जो उजेड असतो, तो साडेचारला नसतो. ऊन खाली उतरतं तसं ते पिंपळपानी कमानीतून आत सरकत जातं. त्यामुळे आतल्या फोटोंचे मी वेळेप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट केले. ओसरी वेगळी, विहारातल्या खोल्या वेगळ्या. प्रत्येक गटाला एक रंगखूण दिली. लायब्ररीतल्या फिल्टरपट्टीवर मेटाडेटा उघडून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) लावला की ३२०० चे अंधारे फोटो एका झटक्यात बाजूला येतात.

मग प्रत्येक गटातून एकच नमुना निवडायचा. सर्वांत सुंदर नको, सर्वांत सर्वसाधारण हवा. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळट-निळसर तोल, पक्का करायचा, कारण तो बदलला की लाल-निळ्याची पातळी हलते आणि उजेडाचा अंदाजही बदलतो. नंतर एक्स्पोजर. इथे १.०० म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट. कीबोर्डवरचं ‘J’ बटण दाबल्यावर जळलेला भाग लाल आणि बुजलेला भाग निळा दिसतो. खांबांमागच्या प्रदक्षिणामार्गात थोडा निळा राहिला तर राहू द्यावा. तिथे खरोखरच अंधार असतो. शॅडोज +८० करून तो घालवला की दगड राखेसारखा सपाट दिसतो आणि खोली निघून जाते.

आता मुख्य मुद्दा. नमुन्याचे बदल बाकीच्यांना लावायचे तीन मार्ग आहेत आणि तिघांचं वागणं वेगळं आहे. सिंक केलं की नमुन्याचा आकडा जसाच्या तसा सगळ्यांना बसतो: नमुना +०.६० तर सगळे +०.६०. मॅन्युअलवर, एकाच सेटिंगने काढलेल्या फोटोंना हे चालतं. माझा कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर होता, म्हणजे शटर तो स्वतः ठरवत होता, म्हणून सिंक फक्त व्हाइट बॅलन्स, नॉइज (दाणेदारपणा) आणि लेन्स करेक्शनपुरतं वापरलं. सिंक दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत आधी सगळ्या खुणा काढून टाकायच्या आणि हव्या तेवढ्याच करायच्या. क्रॉपची खूण राहून गेली आणि नमुन्याची कातर सगळ्या गटाला बसली. कंट्रोल-झेडने परत आलं, पण पुढे बरंच काम झाल्यावर लक्षात आलं असतं तर निस्तरणं अवघड होतं.

एक्स्पोजरसाठी दुसरा मार्ग म्हणून डेव्हलपमधल्या सेटिंग्ज मेनूतलं ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ वापरलं. नमुन्यावर आधी क्लिक, मग शिफ्ट धरून गटातल्या शेवटच्या फोटोवर क्लिक, मग हा आदेश. तो प्रत्येक फोटोचा शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ वाचून फरक भरून काढतो. नमुना १/३० सेकंद, एफ/४, आयएसओ ३२०० वर होता, एक्स्पोजर +०.६०. स्तूपापासून दाराकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत कमानीचा झगझगीत उजेड चौकटीत आला, म्हणून कॅमेऱ्याने शटर १/१२५ वर नेला होता. म्हणजे दोन स्टॉप अंधारे. त्यांना आपोआप साधारण +२.६० मिळाले आणि खांब शेजारच्या फोटोंइतकेच उजळ दिसू लागले. कमान मात्र पांढरी झाली. ती हायलाइट्स −७५ केल्यावर परत आली, कारण रॉमध्ये ती शाबूत होती. १/३० ला काढलेल्या ज्या दोन-तीन फोटोंत कमान आली होती, तिथे काहीच परत आलं नाही. जे सेन्सरवरच जळलं ते कुठल्याही स्लाइडरने येत नाही.

आयएसओ ३२०० चा फोटो दोन स्टॉप उचलला की त्यातला नॉइज जवळपास १२८०० सारखा दिसतो. छताच्या लाकडी कमानींवर जांभळट डाग दिसले, म्हणून त्या फोटोंना कलर नॉइज नेहमीच्या २५ वरून ४० वर नेला. जेपेगमध्ये एवढं उचलायला जाऊ नये: १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६, आणि अंधारात पट्टे उमटतात.

ऑटो टोन एकदा लावून पाहिलं आणि काढून टाकलं. ते प्रत्येक फोटोचा वेगळा विचार करतं, त्यामुळे एकाच खांबाचे लागोपाठचे दोन फोटो वेगवेगळ्या वेळी काढल्यासारखे दिसतात.

शेवटची नजर ग्रिडमध्ये, सगळ्यांत लहान थंबनेलवर. डोळे किंचित मिटून पाहिलं की खटकणारे लगेच कळतात. मला सतरा सापडले. ते लायब्ररीतल्या क्विक डेव्हलपने दुरुस्त केले. तो तिसरा मार्ग. एकेरी बाण एक तृतीयांश स्टॉप, दुहेरी बाण पूर्ण स्टॉप, आणि हा बदल प्रत्येकाच्या आहे त्या आकड्यात मिळवला जातो, त्यावर थापला जात नाही. म्हणून आधीचं जुळवलेलं मोडत नाही.

हे सगळं करताना स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका. भगभगीत स्क्रीनवर ठीक वाटलेले फोटो कागदावर काळपट येतात. एक्स्पोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये केलं: जेपेग, क्वालिटी ८५, एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल. छपाईसाठी मात्र पूर्ण आकार ठेवला, आणि आधी प्रत्येक गटातला एकेक फोटो ४×६ वर छापून पाहिला. कार्ल्याच्या आतला गट कागदावर एक बाण अंधारा आला. तेवढा गट निवडून एकदा बाण दाबला आणि मगच बाकीचे छपाईला दिले.