विंडोज ७ वरचं क्लाउड ॲप बंद पडलं तेव्हा: माझा अनुभव

ज्यांच्याकडं अजून विंडोज ७ किंवा ८ चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचलं तरी चालंल.

सांगलीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या. काम पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर, हो, तोच पेजमेकर, ज्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ला आली. फॉन्ट जुने, त्यांचा डोंगल (मशीनला लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ती किल्ली) जुना, आणि हे सगळं ज्या मशीनवर गप चालतंय ते विंडोज ७ चं. "नवीन घ्या की राव" म्हणणारे लय भेटतात. इतक्या वर्षांचं मॅटर जुन्या फॉन्टात आहे, ते युनिकोडला (आताच्या सगळीकडं चालणाऱ्या लिपीच्या पद्धतीला) आणून परत जोडाक्षरं तपासत बसायचं कुणी, हे मात्र त्यातला एकजण सांगत नाही.

क्लाउड, म्हणजे नेटवरून कंपनीकडं फायली ठेवायची जागा, घेतलं २०१९ च्या महापुरानंतर. कृष्णामाई दुकानात आली तेव्हा सीपीयू माळ्यावर टाकला म्हणून वाचला, पण टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्डडिस्क गेली. म्हणून पैसे भरून मोठी जागा घेतली, कंपनीचं नाव लिहीत नाही. काही वर्षं काहीच तक्रार नव्हती.

मग ॲपमध्ये एक पिवळी पट्टी यायला लागली, की अमुक तारखेपासून तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सपोर्ट राहणार नाही. आता मला सांगा, यातून माणसानं काय समजायचं? खुद्द विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, मशीन तरी चालूच आहे. पेजमेकरला तर कोण विचारतंय? म्हणजे अपडेट येणार नाही, आहे ते चालू राहील, एवढाच अर्थ निघतो. ॲप तुम्हाला बाहेर काढणार आणि परत आत घेणार नाही, हे त्या पट्टीत कुठंच नव्हतं.

आणि झालं तेच. ऐन ऑगस्टात, पतसंस्थांच्या सभा सप्टेंबरअखेरच्या आत व्हायच्या म्हणून अहवालांची झुंबड असताना, एका सकाळी ॲप आपोआप साइन आउट, परत साइन इन करायला गेलं तर नुसती पांढरी खिडकी, आणि माय कॉम्प्युटरमधला तो क्लाउडचा ड्राइव्हच गायब. कारण माझं ॲप स्ट्रीमिंगवर होतं. म्हणजे फायली ड्राइव्हमध्ये दिसतात, उघडतात, सेव्ह होतात, पण असतात सगळ्या तिकडं वर, आपल्या डिस्कवर काही नसतं. ॲप बंद तर ड्राइव्ह बंद. फायली सुरक्षित होत्या हे खरं, पण त्या मिळवायच्या कशा? तिकडं सेक्रेटरी साहेबांचा फोन, "प्रूफ कधी देताय?"

आता सपोर्टची कथा ऐका. आधी चॅट. तिथं बॉट. तो म्हणतो ॲप अपडेट करा. अपडेट करायला गेलं की इन्स्टॉलर म्हणतो विंडोज १० लागेल. बॉटला तसं सांगितलं तर तो परत म्हणतो, ॲप अपडेट करा. माणूस पाहिजे म्हणून टाइप केलं तर फॉर्म दिला. फॉर्ममध्ये ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची सक्ती, आणि यादीत विंडोज १०, विंडोज ११, मॅक. सात नाहीच! ज्याची तक्रार आहे तेच यादीत नाही आणि रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नाही. शेवटी १० निवडून खालच्या चौकटीत लिहिलं की बाबांनो माझ्याकडं ७ आहे, तुमच्या यादीत नाही म्हणून १० टाकलंय. काही दिवसांनी उत्तर आलं, लय गोड भाषेत, संपर्क केल्याबद्दल धन्यवाद वगैरे, आणि खाली विंडोज १० च्या सेटिंगमध्ये कुठं कुठं क्लिक करायचं त्याच्या पायऱ्या. चौकटीतलं कुणी वाचलंच नव्हतं. परत लिहिलं तर नवीन तिकीट नंबर, नवीन माणूस, त्याच पायऱ्या. नूतनीकरणाचे पैसे मात्र कार्डावरून बरोबर कापले गेले, त्याला कुठलं विंडोज आहे ते बघावं लागत नाही.

सोडवलं भाच्यानं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतोय. तो म्हणाला, "मामा, ॲपचा नाद सोडा, ब्राउझरमधनं काढू." पण क्रोम विंडोज ७ वर १०९ आवृत्तीला थांबलंय, त्यात साइट नीट उघडेना. फायरफॉक्स ब्राउझरची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) ११५ आवृत्ती टाकली, ती या जुन्या विंडोजवर चालते, आणि खातं उघडलं. तेव्हा कुठं जिवात जीव आला. त्यानंच सांगितलं की बाकीच्यांचंही असंच आहे, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह क्लाउडनं पर्सनल खात्यांचं सिंक (फायली आपोआप वर-खाली जाणं) विंडोज ७, ८ आणि ८.१ वर १ मार्च २०२२ ला थांबवलं होतं. जुन्या सिस्टिमला सिक्युरिटी अपडेट नाहीत, तिच्यासाठी वेगळं टेस्टिंग करत बसायचं, कंपन्यांचं तेही पटतं. मग तसं सरळ लिहा ना पट्टीत.

डाउनलोड झिपमध्ये येतं. ते विंडोज ७ च्या स्वतःच्या एक्स्ट्रॅक्टनं उघडू नका, मराठी नावाच्या फायलींची चिन्हंच चिन्हं होतात. सेव्हन-झिप फुकट आहे, त्यानं नावं जशीच्या तशी आली. पेनड्राइव्हवर न्यायचं असेल तर तो फॅट३२ फॉरमॅटचा आहे का बघा, ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, एनटीएफएस करून घ्या.

पेजमेकरवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. फाइल उघडली की सगळे फोटो "लिंक सापडत नाही", कारण जुना ड्राइव्ह गेला, पाथ बदलला. एकेक फोटो परत जोडायला बसू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये सबस्ट (subst) कमांड देऊन नव्या फोल्डरला जुन्या ड्राइव्हचंच अक्षर द्या, सगळं जागेवर येतं. मशीन बंद केलं की ते अक्षर जातं, म्हणून कमांड स्टार्टअपमध्ये टाकायची. हे माझं मीच शोधलं, भाच्याला पण माहीत नव्हतं.

आता विंडोज ७ चं नेट काढून टाकलंय. शेजारी एक जुना लॅपटॉप घेतलाय, दोन्ही लॅनमध्ये (आपसात जोडलेले), रात्री रोबोकॉपीनं कामाचा फोल्डर लॅपटॉपवर येतो आणि तिथनं क्लाउडवर जातो. रोबोकॉपी ही फायली कॉपी करायची कमांड विंडोजमध्येच असते, वेगळी घ्यावी लागत नाही. फक्त मिरर ऑप्शन वापरू नका, इकडं चुकून डिलीट झालं तर तिकडचंही उडतं. आणि लॅपटॉपवर ॲप स्ट्रीमिंगला नाही, फायली डिस्कवर ठेवणाऱ्या मोडला लावलंय, हे तर आधी करा, नवीन विंडोज असलं तरी.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानदार विंडोज १० वाला स्वस्तात दाखवतो. त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असलेलाच घ्या, म्हणजे ११ बसतं. गणपती पेठेतल्या एकानं मला सहावी जनरेशन "एकदम लेटेस्ट" म्हणून दाखवली होती.