पंख्यात गेलेला रॉड आणि टायर पॉलिश लावलेली बोट

मंडळी, सुट्टीला कोल्हापुरात आलोय आणि आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी आमच्या हॉलमधल्या पंख्यानं माझ्या मासे धरायच्या रॉडचं टोक उडवलं. पंख्याची काही चूक नाही, चूक माझीच. चुलतभावाला दाखवायला चार तुकडे जोडले, नऊ फुटाचा रॉड उभा केला, आणि आपल्याकडं छताला पंखा असतो हे साडेचार वर्षं न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधे राहून साफ विसरलो. टक् करून आवाज आला, टोकाचा वीतभर तुकडा टीव्हीमागं जाऊन पडला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तुकडा उचलून बघितला आणि म्हणाली, "मासं धरायची काठी ही? हिच्यानं झुरळ तरी मरंल का?"

तर खूप जणांनी विचारलं होतं की तू तिकडं शनिवार-रविवार नेमकं करतोस काय, म्हणून हे लिहितोय. मी न्यूझीलंडला वायकाटो भागात दुधाच्या पावडरच्या कारखान्यात आहे (गोकुळच्या गावातनं निघालो आणि परत दुधातच पडलो, नशीब). तिथनं गाडीनं खाली निघालं की टाउपो लेक लागतो, ६१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे रंकाळ्याला आपण तलाव म्हणतो तर त्याला काय म्हणायचं हा प्रश्नच आहे. आणि त्या लेकला टोंगारीरो नावाची नदी येऊन मिळते. जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात असते तेव्हा तिकडं कडाक्याची थंडी असते, आणि लेकमधले रेनबो ट्राउट अंडी घालायला नदीत वर चढतात. त्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोक मासे धरतात आणि बरेचदा परत सोडतात. हे सोडण्याचं ऐकून आमच्या तालमीतली पोरं हादरली. "मग तांबडा रस्सा?" रस्सा होतो, लायसन्सच्या नियमात बसतील तेवढे घरी नेता येतात, पण विकायचे नाहीत. ट्राउट विकणं तिथं बेकायदेशीर आहे, त्यामुळं दुकानात मिळतच नाही, स्वतः धरा नाहीतर धरणाऱ्या मित्राशी गोड बोला.

आता मी जे करतो ते फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते एकदा सांगतो, कारण सगळं सामान त्यावरच ठरतं. आपला गळ म्हणजे तंगूस, शिशाची गोळी, गांडूळ, आणि भिरकावून द्यायचं. लांब जातं ते शिशाच्या वजनानं. इथं गळाला गांडूळ नाही, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो आणि त्याचं वजन जवळपास शून्य. कापूस फेकून बघा, कुठं जातो? म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, प्लास्टिकचा लेप असलेली लाइन, आणि फेकायची ती लाइन, किडा बिचारा मागनं ओढला जातो. रॉडवर ५ नंबर लिहिलेला असला तर तो रॉडच्या ताकदीचा वगैरे नाही, त्यावर ५ नंबरची लाइन चालते एवढाच अर्थ. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, की ती ५ नंबरची. नवशिक्यानं ट्राउटसाठी नऊ फुटी ५ किंवा ६ घ्यावा. टोंगारीरोला पाण्याला जोर आणि निम्फ (पाण्याखाली बुडणारा खोटा किडा) जड, तिथं ७-८ वाले जास्त दिसतात, पण ते पुढचं.

माझी पहिली चूक इथंच झाली, मी सगळे पैसे रॉडवर घातले आणि लाइन सेलमधली स्वस्तातली घेतली. दोन महिन्यांत तिला बारीक बारीक भेगा पडल्या, तरंगायची ती लाइन बुडायला लागली आणि मी मात्र वर्षभर समजत होतो की आपला हातच खराब आहे. एका म्हाताऱ्या गोऱ्यानं नदीवर माझी लाइन बोटातनं ओढून बघितली आणि नुसती मान हलवली. तेव्हापासून माझं मत असं की आधी चांगली लाइन, मग मधल्या दराचा रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. मध्यम माश्याला रील म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा. मोठा मासा खाली प्रवाहात पळत सुटला की मात्र ड्रॅग (रीलचा ब्रेक) झटके न देता सुटला पाहिजे, नाहीतर टोकाची बारीक तंगूस तुटलीच.

या बारीक तंगुसाचा हिशेब पण गमतीचा आहे. तिला टिपेट म्हणतात आणि ३एक्स, ४एक्स, ५एक्स असे नंबर असतात, नंबर मोठा तितकी ती बारीक. ११ मधनं तो आकडा वजा करायचा, उरेल तितके इंचाचे हजारावे भाग ही तिची जाडी. म्हणजे ५एक्स ही सहा हजारांश इंच, पाव मिलिमीटरपेक्षाही खूप कमी. मला हे कळेपर्यंत मी मोठ्या माश्याला मोठा नंबर म्हणून ७एक्स लावत होतो. हसा.

फेकायला शिकलो ते मात्र मागच्या सुट्टीत इथंच, गांधी मैदानावर पहाटे. गळ काढून टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा, म्हणजे कुणाच्या कानात अडकायला नको. फुटबॉलची पोरं थांबून बघायची, एकानं विचारलं, "काका, पतंग कुठाय?" खुबी एकच आहे, रॉड मागं नेला की थांबायचं, लाइन मागं पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढं. घाई केली की फटाक्! कडकलक्ष्मीवाल्याचा आसूड वाजतो ना अगदी तस्साच आवाज. त्याचा वाजला की लोक पैसे टाकतात, आपला वाजला की टोकाचा किडा तुटून गेला असं समजायचं. आणि हो, रॉड कार्बनचा असतो, त्यातनं वीज जाते, त्यामुळं विजेच्या तारांखाली किंवा ढग कडाडत असताना हा उद्योग करू नका.

देखभालीला तसं फार काही लागत नाही, आळस नको एवढंच. लाइन कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणानं धुवून कपड्यातनं ओढून घ्यायची. तिकडं सँडफ्लाय नावाचे बारीक किडे असतात, चावले की आठवडाभर खाजवत बसा, त्यासाठी जे डीटवालं औषध अंगाला लावतात ते लाइनच्या लेपाला खातं. तळहाताला लागलं असलं तर आधी हात धुवायचे. रॉडच्या जोडांना मेणबत्ती हलकीशी घासून ठेवायची म्हणजे ते खेळत नाहीत आणि अडकतही नाहीत. रीलचा ड्रॅग घरी आल्यावर सैल सोडायचा. ओला रॉड तसाच नळकांड्यात कोंबायचा नाही. बास.

बुटांचं मात्र सांगायलाच पाहिजे. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरू नये म्हणून पूर्वी तळाला फेल्ट, म्हणजे जाड नमदा लावलेले बूट घालायचे. न्यूझीलंडनं २००८ मधे गोड्या पाण्यात मासे धरणाऱ्यांना त्यावर बंदीच घातली, कारण २००४ साली तिकडं दक्षिण बेटावरच्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि ते अशा न वाळणाऱ्या नमद्यात बसून या नदीतनं त्या नदीत प्रवास करतं. आपल्या कोल्हापुरी चपलेला आपण ओलीपासनं जपतो ते चपलेसाठी, तिथं बूट सुकवतात ते नदीसाठी. विमानतळावर वापरलेलं मासेमारीचं सामान दाखवावं लागतं, न सांगता नेलं तर ४०० डॉलर दंड जागच्या जागी, त्यामुळं परत जाताना माझी अर्धी बॅग टूथब्रशनं घासलेली असते.

आता बोट. रबरी बोट आपल्याला काही नवीन नाही, दुर्दैवानं. माझं आजोळ प्रयाग चिखलीचं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्या मामाच्या घरात पाढ्यासारखे पाठ असतात. २०१९ ला मामा-मामी एनडीआरएफच्या बोटीतनं बाहेर आले, तो व्हिडिओ मी तिकडं रात्री दोन वाजता बघत बसलो होतो. त्यामुळं मी जेव्हा सांगितलं की मी एक हवेची बोट घेतलीय, तेव्हा मामांना वाटलं मी पुरासाठीच घेतली. नाही हो. माझी ती फ्लोट ट्यूब, घोड्याच्या नालाच्या आकाराची, मधे बसायचं, पाय पाण्यात, पायाला बदकाचे पंजे, आणि उलटं उलटं वल्हवत जायचं. ट्रकच्या ट्यूबवर पडून पोहायला शिकला असाल तर तुम्हाला अर्धी कळली, या प्रकाराची सुरुवात खरोखरच ट्रकच्या ट्यूबला कापडी बैठक शिवून झाली. ही संथ पाण्याच्या तळ्यातच चालते. वारा सुटला की पायानं आवरत नाही, नदीच्या धारेत तर नावच काढू नका, आणि लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, बोटीत ठेवलेलं नव्हे. पुराच्या पाण्यातली बोट वेगळी, तिचा तळ कडक, मागं इंजिन, हवेचे कप्पे जास्त. मामांना हे तीनदा सांगितलं.

घेताना बघायचं ते कापड आणि सांधे. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं, हायपॅलॉन (एक कृत्रिम रबर) महाग पण उन्हाला दाद देत नाही. सांधे चिकटवलेले आहेत की उष्णतेनं वेल्ड केलेले, ते विचारायचं, पीव्हीसीत वेल्डवाले बरे. आणि रंग-खिसे बघण्याऐवजी एक प्रेशर गेज घ्या. मी पहिल्या वर्षी अंगठ्यानं दाबून "झाली टाइट" म्हणायचो. घरातनं भरून न्यायचो आणि थंड पाण्यात उतरली की पंधरा मिनिटांत बोट मऊ, मी पंक्चर शोधत बसायचो आणि पंक्चर नसायचंच, हवाच गार होऊन आकसलेली. पाण्यात उतरून थोडा वेळ थांबायचं आणि मग परत चार पंप मारायचे.

तर दोन वर्षांपूर्वी नवी घेतली आणि जुनी पीव्हीसीची इथं आणून ठेवली. आण्णांना म्हणलं सावलीत ठेवा. आण्णांनी ठेवली, आणि माणूस हौशी असल्यामुळं दर महिन्याला तिला टायर पॉलिश लावलं. काय चमकत होती! यावेळी फुगवली तर एका बाजूनं सुस्स. गल्लीच्या कोपऱ्यावर पंक्चरवाले मामा आहेत (हे गल्लीचे मामा, चिखलीचे नव्हेत), त्यांच्याकडं नेली, तर त्यांनी थेट कॉम्प्रेसरची नळीच उचलली. मी अक्षरशः आडवा पडलो. गाडीच्या टायरला ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं, हिला जेमतेम ३. एक सेकंद जास्त झाला असता तर आतला पडदाच फाटला असता. पण गळती शोधण्यात मात्र मामांचा हात धरणारा कोणी नाही. मी साबणाच्या पाण्याचा मग घेऊन अर्धा तास फिरत होतो, त्यांनी व्हॉल्व्हला थुंकीचं बोट लावलं, "हितनं न्हाई," म्हणाले, मग कान लावून सांध्याजवळ थांबले आणि नखानं खूण केली. बरोब्बर तिथंच, मोहरीएवढं भोक.

पुढं दोघांची जुंपली. त्यांचं नेहमीचं सोल्युशन रबराच्या ट्यूबचं, पीव्हीसीवर ते दोन दिवसांत सालीसारखं निघतं. मी बोटीचा गोंद आणू शकलो नव्हतो, ज्वालाग्राही म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. शेवटी चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात सोल चिकटवायचा पीयू गोंद मिळाला, पीव्हीसीला तोच जातीचा लागतो. पण पहिलं ठिगळ एका रात्रीत सुटलं. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन! त्यावर काहीच चिकटत नाही. मग एमईके नावाच्या सॉल्व्हंटनं ती जागा चारदा पुसली, दरवेळी नवं फडकं घेऊन. मामा त्यांची किसणी काढत होते, ती नको म्हणलं, कापडाचे धागे उघडे पडतात, बारीक काचपेपर पुरे. ठिगळाचे कोपरे गोल कापले, दोन्हीकडं गोंदाचे दोन पातळ हात, मधे सुकू दिलं, मग दाबून चमच्याच्या पाठीनं घोटलं. "आमी बी हेच करतो की ओ," मामा म्हणाले, "फकस्त तुमी लई येळ लावता." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

चोवीस तास हात लावला नाही. काल संध्याकाळी गच्चीवर बरोबर ३ पीएसआय भरून ठेवली. आज सकाळी सहाला आण्णांची हाक, "सव्वादोनवर आलाय काटा, गेली तुझी बोट." डिसेंबरची सकाळ, शाल पांघरून दोघं चहा घेऊन तिच्याशेजारी बसलो. मी म्हणलं थांबा, ऊन येऊ द्या. वीस अंशाला भरलेली ३ ची हवा पन्नास अंशाला तापली की पावणेपाचच्या आसपास जाते, हा हिशेब त्यांना वर्तमानपत्राच्या कडेवर करून दाखवला, त्यांनी तो परत एकदा स्वतः केला. आठला अडीच. नऊला पावणेतीन. साडेदहाला काटा तीनच्या पुढं सरकला आणि मी काही बोलायच्या आत आण्णा उठून व्हॉल्व्हशी गेले, "थोडी सोडू का? नंतर लई तापंल."