हाऊ ते गिट्टीना ढीग शे भो!

अमळनेरहून निघालो तेव्हा बोरीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. चार दिवसांनी गंगोत्रीत भागीरथीचा आवाज बंद खिडकीतूनही घुसत होता. माझा मावसभाऊ आबा रात्रभर त्याला पाऊसच समजत राहिला.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ सालचं. गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या ज्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते तिकडे, दिवसाला १५० माणसंच सोडतात, म्हणून परवाना आधी काढून ठेवलेला बरा. वाट एकूण १८ किलोमीटरची. नवव्या किलोमीटरला चिरबासा येतं, तिथवर झाडांची सावली मिळते. पुढे गिला पहाडाखाली मात्र वाटाड्या थांबूच देत नाही. वर भरल (हिमालयातली रानमेंढरं) निवांत चरत होते आणि त्यांच्या खुरांखालून सुटलेले खडे टणटणत आमच्या वाटेवर येत होते. फोटो राहिलाच.

भोजबासाला, ३,८०० मीटरच्या आसपास, डोकं ठणकायला लागलं. आबा ‘जेवण नको’ म्हणाला. त्याला ओळखणाऱ्यांना यावरून उंचीचा अंदाज येईल! घरची जाड शेव आणि काळा चहा, एवढ्यावर रात्र काढली.

सकाळी उरलेले चार किलोमीटर. वाटेतला ओढा जाताना घोट्याएवढा होता. दुपारी येताना तोच गुडघ्याला लागला, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो. उजाडताच निघा म्हणतात ते यासाठीच.

आणि गोमुख. आबा उभा राहिला, बघितलं, म्हणाला, “हाऊ ते गिट्टीना ढीग शे भो! बरफ कथा शे?” आमच्या अहिराणीत, हा तर गिट्टीचा ढीग आहे भाऊ, बर्फ कुठे आहे?

चूक नव्हतं. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी, पण कड्यांवरून कोसळलेल्या दगडमातीनं ती झाकून गेलेली. कॅलेंडरवरची पांढरीशुभ्र हिमनदी डोक्यातून काढूनच इथे यावं. मग तुटलेल्या कड्याकडे नजर गेली. आत बर्फ निळा होता, फवारणीच्या मोरचुदासारखा निळा. त्यातून मध्येच ‘कडाड’ असा आवाज यायचा. जवळ जायची बंदी आहे, आणि तो आवाज ऐकल्यावर कुणाची इच्छाही उरत नाही. मागे शिवलिंग शिखर, ६,५४३ मीटर, पाचेक मिनिटं ढगांतून मोकळं झालं.

पाणी करडं होतं. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते, त्याचंच ते पीठ. आबानं बाटली भरून घेतली. आता ती त्यांच्या देवघरात आहे, तळाशी राखेसारखा थर बसलाय. मावशी अजून म्हणते, “खरं सांग, कुठल्या डबक्यातलं भरलंस?”