पाय घसरला, एवढंच

"पाय घसरला." त्या दिवशी आईने हे दोनच शब्द किमान सहा जणांना ऐकवले. अॅम्ब्युलन्समधला माणूस, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर, एक्स-रे काढणारा, हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि मी. ते खरं नव्हतं, हे पाचव्या दिवशी कळलं.

सकाळी सहाला मी उठले तर ती बाथरूमच्या दारात कुशीवर पडलेली. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. खुब्याचं हाड मोडलं की बहुतेक वेळा पाय असाच दिसतो, पण तेव्हा मला कुठलं माहीत! भावाने आणि मी तिला काखेत धरून उभं करायचा प्रयत्न केला. तिची किंकाळी ऐकून दोघंही जागीच थांबलो. मग अंगावर पांघरूण घातलं आणि अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत मी आणखी एक शहाणपणा केला, आईला कपभर दूध पाजलं. दूध म्हणजे भुलेच्या हिशेबात जेवणच, त्यानंतर सहा तास थांबावं लागतं, हे भूलतज्ज्ञांनी नंतर सांगितलं. नशीब, त्या दिवशी ऑपरेशन होणारच नव्हतं.

कॅज्युअल्टीत प्रश्नांची सरबत्ती. डोकं आपटलं का? शुद्ध हरपली होती का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मी गडबडीत गोळ्यांची पिशवी उचलून आणली होती, तीत निम्मी पाकिटं दोन वर्षांपूर्वीची. भावाला परत घरी पिटाळलं. "किती वेळ जमिनीवर होतात?" यावर आई म्हणाली, "थोडाच वेळ." सिस्टरनी तिला जरासं वळवून कमरेचा लालभडक चट्टा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "आजी, खरं सांगा."

"साडेतीनला पडले. यांची झोप कशाला मोडायची?"

म्हणजे अडीच तास! माझी खोली तिथून दहा पावलांवर. चिडू की रडू, समजेना. कडक फरशीवर बराच वेळ पडून राहिलं की अंगाखाली दबलेले स्नायू खराब होतात आणि त्यातून रक्तात उतरणाऱ्या घटकांचा भार किडनीवर येतो. म्हणून रक्ताच्या दोन तपासण्या वाढल्या, सलाईन लागलं. दोन्ही रिपोर्ट ठीक आले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. वय ७८, हृदय नाजूक, त्यामुळे मला वाटत होतं चार दिवस थांबावं, जरा बरी होऊ दे. डॉक्टर म्हणाले, उलट आहे. अशी माणसं पडून राहिली की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा. जितकं लवकर उभं करू तितकं चांगलं. मी सही केली. मणक्यातून भूल दिली, मांडीच्या हाडात सळई बसवली.

ऑपरेशनच्या रात्रीबद्दल मात्र कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आई मला ओळखेना. खिडकीत कुणी उभं आहे म्हणाली, सलाईनची नळी ओढायला लागली. मला वाटलं, डोकं गेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, या वयात ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांना होतं, ओसरतं. चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, वेळ-वार सांगत राहा, दिवसा पडदे उघडे ठेवा. चष्मा घरीच राहिला होता. तो आल्यावर माझा चेहरा तिला दिसू लागला, आणि दोन दिवसांत ती पुन्हा माझ्या चुका काढू लागली.

पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टर आले. त्यांना मोडलेल्या हाडात रस नव्हता. त्यांनी झोपलेल्या स्थितीत रक्तदाब घेतला, मग वॉकर धरून उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. १३८ चा ११० झाला. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर ती दखल घ्यायची गोष्ट. "उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "येते." याआधी दोनदा पडली होती. पायाची सूज उतरवणारी, लघवी जास्त होणारी गोळी सकाळी घ्यायची, पण सकाळी गोळ्या फार होतात म्हणून ती रात्री घेत होती. म्हणजे रात्री तीनदा उठणं आणि दर वेळी चक्कर.

फरशी तर कोरडीच होती. मी उगीच घसरण रोखणाऱ्या मॅट शोधत बसले होते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे हाडंही ठिसूळ, तेव्हा त्याचंही औषध सुरू झालं, तेही मी विचारलं म्हणून.

आठव्या दिवशी घरी आलो. बाथरूममध्ये दांडी बसवली, पलंगाशी दिवा आणि घंटी ठेवली. आई आता उठताना आधी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, मग वॉकर धरते. घंटी मात्र अजून एकदाही वाजलेली नाही.

काल मावशीचा फोन आला होता. आत मला ऐकू आलं, "काही नाही गं, पाय घसरला, एवढंच."