एक्स-रे गुडघ्याचा, दुखणं जांघेचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घर बेळगावात आणि ओपीडी खानापुरात. जुलैत इकडं पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसांना सांगायला नको, आणि जुलैतले पेशंटही ठरलेले, कंबर, कंबर आणि कंबर. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भाताची रोप लावण सुरू झाली की बायका दिवसभर वाकून, उलट्या पावलांनी मागं सरकत चिखलात उभ्या, मग दुसरं काय होणार. त्यामुळं एका पावसाळ्यात एक मावशी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या तेव्हा मला खरं तर जरा बरंच वाटलं, चला आज काहीतरी वेगळं.

मावशी पंचेचाळिशीच्या, काटक. बरोबर जाऊबाई, मागं दारात नवरा छत्री झटकत उभा. एक्स-रे आधीच दुसरीकडं काढून झालेला, त्यात काही नव्हतं, एक मलम मिळालेलं ते लावून संपलेलं. "गुडघा दुखूलालाय म्याडम, आतल्या अंगानं," एवढंच त्यांचं म्हणणं. गुडघा बघितला तर सूज नाही, पूर्ण वाकतोय, लिगामेंट घट्ट, सांध्यावर दाबलं तरी मावशी शांत. म्हणजे गुडघ्याला गुडघ्यासारखं काहीच झालेलं नाही.

पण त्या बेडवर चढताना मी एक बघितलं होतं. चांगला पाय वर घेतला आणि दुखरा पाय मांडीखाली दोन्ही हात घालून, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा उचलून वर ठेवला. गुडघेदुखीवाला माणूस असं करत नाही, तो गुडघा धरतो, कण्हतो, पण पाय आपला आपण उचलतो. आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कातडी पिवळसर हिरवी दिसत होती, जुना मार असतो तशी. "हे काय पडलं?" तर म्हणे तेल लावून चोळलंय म्हणून. चोळून असा रंग येत नाही. तो डाग खाली संपत होता पण वर कुठं चाललाय ते दिसत नव्हतं, साडीत जात होता. मी पडदा ओढला, दारातल्या काकांना म्हटलं तुम्ही जरा चहा घेऊन या, आणि ते गेल्याबरोबर जाऊबाईंना राहवेना. "सांग की ग आता! चिखलात फाकलीस ते सांग की!"

मग सगळं बाहेर आलं. आठ-दहा दिवसांपूर्वी डोक्यावर तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठींचा भारा घेऊन बांधावरून खाचरात उतरताना एक पाय चिखलात नडगीपर्यंत रुतला आणि दुसरा बांधाच्या शेवाळावरून सरकला तो सरकतच गेला. जांघेत टचकन झालं. भारा टाकला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत लावणही केली, आणि रात्री अंथरुणावर कूस बदलता येईना. एवढं होऊन घरात आणि पहिल्या दवाखान्यात गुडघा म्हणूनच सांगितलं, कारण "तिथं दुखतंय म्हणून बाप्या डॉक्टरला कसं सांगू?"

बरं, त्या पूर्ण खोटंही बोलत नव्हत्या. मांडीच्या आतल्या बाजूला जे स्नायू असतात, पाय आत ओढणारे, त्यांना आम्ही अ‍ॅडक्टर म्हणतो, त्यातला अ‍ॅडक्टर लाँगस वर जांघेत हाडाला चिकटलेला असतो आणि पाय असा फाकला की बहुतेक वेळा तोच फाटतो. फाटला की आत जे रक्त येतं ते वजनानं खाली उतरत जातं, म्हणून डाग गुडघ्यापाशी. शिवाय ह्या स्नायूंना जाणारी ऑब्ट्युरेटर नावाची नस गुडघ्याकडंही एक फाटा देते, त्यामुळं वरचं दुखणं खाली गुडघ्यात जाणवू शकतं. सेम कारणामुळं खुब्याचा बिघाडही कित्येकदा गुडघेदुखी होऊन येतो. म्हणून गुडघ्यात काही सापडलं नाही की वर बघायचं असतं.

मी त्यांना उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवले, मधे माझी मूठ ठेवली आणि म्हटलं दाबा. चेहरा असा झाला की उत्तर मिळालंच. "हितंच! हितंच म्याडम!" आता दहापैकी किती दुखतंय हे आम्हाला पुस्तकात शिकवतात पण मावशींना ते काही पटेना, मग मी विचारलं सोळा आण्यांच्या रुपयात किती आणे, तर लगेच, "बारा आणे." तेव्हापासून आमचा हिशेब आण्यातच.

त्याच दिवशी बाकीचंही तपासून घेतलं. खोकायला लावलं, हर्निया नाही. खुबा आत-बाहेर फिरवून बघितला, मोकळा. जांघेत दाबून कुठं खड्डा लागतो का ते बघितलं, नव्हता. तरी डाग मोठा होता म्हणून बेळगावला सोनोग्राफीला पाठवलं आणि रिपोर्ट अपेक्षेप्रमाणंच आला, काही तंतू फाटलेत पण स्नायू हाडापासून सुटलेला नाही. म्हणजे व्यायामानं बरं होणारं काम.

पण विश्रांतीचा विषय काढला आणि गाडी अडली. काम बंद वगैरे शक्यच नाही, कारण पैरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लावणीला इकडं बायका पैऱ्यानं जातात, आज सगळ्या माझ्या रानात, उद्या तुझ्या. आणि मावशींच्या रानातली लावण होऊन गेली होती. सगळ्याजणी येऊन राबून गेलेल्या, आता ह्यांची फेडायची पाळी. "मी नाही गेले तर पुढच्या वर्षी आमच्या रानात कुत्रंपण यायचं नाही." ह्याच्यापुढं मेडिकल सर्टिफिकेट काय कामाचं सांगा. शेवटी तोडगा जाऊबाईंनीच काढला, लावणाऱ्या लावतील, ही वाफ्यात पाट घेऊन बसून तरवा काढून मुठी बांधेल, भारा मी वाहीन. मला एवढंच पाहिजे होतं. फाटलेल्या स्नायूला पूर्ण झोपवून ठेवायचं नसतं, फक्त पाय फाकण्यापासून आणि घसरण्यापासून वाचवायचं असतं. उठताना-बसताना पाय जवळ ठेवा आणि उठायला जावेचा हात घ्या, एवढं बजावलं.

दोन गोष्टी मात्र त्या क्षणी बंद केल्या. एक, जांघेत तेल लावून रगडणं. दुसरं, त्यांचा मुलगा कबड्डी खेळतो, त्यानं युट्यूबवर बघून आईला तळव्याला तळवा लावून गुडघे खाली दाबायला शिकवलं होतं, आणि ती बिचारी रोज सकाळी ताजी जखम ताणत बसली होती. पोराची माया खरी, पण आधी ताकद, ताणायचं नंतर बघू.

मग व्यायाम. पहिला एकदम साधा, गुडघ्यांच्या मधे काहीतरी ठेवून दाबून धरायचं. उशी घ्या म्हटलं तर "चुंबळ चालंल काय?" चुंबळ लहान पडत होती म्हणून टॉवेलची जाड गुंडाळी ठरली. सुरुवातीला हलकं दाबायचं, चार आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल, आठ आणे झालं तर जोर कमी. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, उठल्यावर कालच्याइतकंच किंवा कमी असेल तर पुढं जायचं, वाढलं असेल तर मागच्या पायरीवर. हळूहळू तीस सेकंद धरून दहा वेळा, गुडघे वाकवून आणि मग पाय सरळ करून घोट्यांच्या मधे.

तीस सेकंद आणि दहा वेळा हे मी मनानं नाही ठरवलं. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांचा एक अभ्यास लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, जांघेचं जुनं दुखणं असलेले ६८ खेळाडू, अर्ध्यांना मसाज, लेझर, स्ट्रेचिंग असलं झोपून घ्यायचं, आणि अर्ध्यांना असे दाबायचे-ओढायचे व्यायाम. काहीजण मधेच गळाले, शेवटी उरलेल्यांत व्यायामवाल्या २९ पैकी २३ जण न दुखता खेळायला लागले, झोपून घेणाऱ्या ३० पैकी फक्त ४. ते जुनं दुखणं होतं आणि मावशींचं ताजं, तेवढा फरक धरून मी सावकाश घेतलं, पण मशिन लावून मावशींना घरी पाठवण्यात अर्थ नाही एवढं त्यातून कळतं. गंमत म्हणजे पेशंटला मशिनच पाहिजे असतं. "लाईट लावणार नाही काय?" हे काकांनी चहा पिऊन आल्यावर विचारलंच.

लाईटच्या जागी मी बीपीचा कफ वापरला. घडी घालून थोडी हवा भरायची, गुडघ्यांच्या मधे धरायचा आणि दाबायचं, काटा किती चढतो ते दिसतं. पहिल्यांदा काटा साठच्या आसपास जाऊन लटपटला. मावशींना ते फारच आवडलं, नंतर प्रत्येक वेळी आल्या आल्या पहिलं वाक्य, "ते काट्याचं करूया." आणि येत होत्या ह्याचं श्रेय कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेला पण द्यायला पाहिजे, २०२३ पासून बायकांना बस फुकट, आधार कार्ड दाखवलं की झालं. नाहीतर आमच्याकडं व्यायाम शिकायला एकदा येतात आणि परत दिसत नाहीत, वरून म्हणतात गुण नाही आला.

पुढचे व्यायाम घरातल्याच सामानावर बसवले. खताचं रिकामं प्लास्टिक पोतं घडी करून पायाखाली घ्यायचं आणि फरशीवर तो पाय बाजूला सरकवून परत आत ओढायचा. सायकलची जुनी ट्यूब सोप्यातल्या खांबाला बांधून घोट्यात अडकवायची आणि पाय आत ओढायचा, सोडताना एकदम सोडायची नाही, सावकाश. पाय परत बाहेर जाताना स्नायू लांब होत होत जोर धरतो आणि फाटतो तोही बहुतेक त्याच हालचालीत, म्हणून ह्या सावकाश सोडण्यावर मी जरा कटकट करते. नंतर कोपनहेगनचा व्यायाम, कुशीवर होऊन वरच्या पायाचा गुडघा कट्ट्यावर टेकवायचा, कोपरावर भार घ्यायचा आणि अंग उचलायचं. हा भारी अवघड, चांगल्या पोरांना घाम फुटतो, मावशींनी पहिल्यांदा केला तेव्हा जाऊबाई हसून हसून बेंचवर आडव्या.

लावण तोपर्यंत संपली होती, पण मला त्यांना चिखलात उभं करून बघितल्याशिवाय सोडायचं नव्हतं, म्हणून ओपीडीच्या मागं पावसानं झालेल्या चिखलात पाय फाकवून वाकायला लावलं, उलट्या पावलांनी मागं न्यायला लावलं, बाजूला मोठी पावलं टाकायला लावली. शून्य आणे. काटा दीडशेच्या वर गेला. समोरचा चहावाला काय समजला देव जाणे.

एकदा फाटलेली जांघ परत फाटायला वेळ लागत नाही, म्हणून व्यायाम सोडू नका म्हटलं. नॉर्वेतल्या फुटबॉल टीमवर २०१९ मध्ये अभ्यास आला होता, कोपनहेगनचा हा एकच व्यायाम नेमानं केला तर जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. फुटबॉलवाल्यांना चालतं ते लावणीवाल्यांना का चालू नये, म्हणून पुढच्या मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी मावशींच्या गावातल्या सात-आठजणींना बोलावून सोपा प्रकार शिकवला. मावशी करतात नेमानं, मुलालाही करायला लावलंय. जाऊबाईंनी मात्र आठवड्यात सोडलं, त्यांचं म्हणणं कट्टा टोचतो.