श्रद्धेवरची काट

बुधवार, रात्री उशिरा

भाईंच्या आठवणींची प्रुफं तपासत होते. वय ऐंशीच्या पुढे, हयात युनियनमध्ये गेलेली. पान ४१ वर वाक्य आलं, ‘समाजवादावर माझी श्रद्धा आहे.’ मी ‘श्रद्धा’वर काट मारली आणि समासात ‘निष्ठा’ लिहिलं. देव न मानणाऱ्या माणसाची कसली श्रद्धा?

पानं त्यांच्याकडे पोचली आणि तासाभरात फोन. “ताई, निष्ठा पक्षावर होती. पक्ष फुटत गेला, कुठल्या तुकड्यावर ठेवणार? त्यानंतर जे उरलं त्याला मी श्रद्धा म्हणतो.”

‘बघते’ म्हणाले. मग जेवतानाही तेच डोक्यात. विश्वास आपण टाकतो, काढून घेतो, विधानसभेत त्याचा ठराव मांडून डोकी मोजतो. निष्ठा वाहायची, आणि बहुधा कुणाच्या तरी पायाशी. हल्ली तर ‘निष्ठावंत’ हे फ्लेक्सवर छापायचं पद झालंय. आणि समजूत? ती नेहमी दुसऱ्याची. आपली ती श्रद्धा, शेजाऱ्याची ती समजूत. बाब्या आणि कार्ट्यासारखंच.

मला श्रद्धा खटकली ती बहुतेक ‘अंध’मुळे. हिंदीवाले अंधविश्वास म्हणतात. आपण ते विशेषण श्रद्धेला जोडलं आणि ती उघडी सापडली की संशय घ्यायला लागलो. गंमत म्हणजे २०१३ च्या कायद्याला बरेच जण अंधश्रद्धेचा कायदा म्हणतात, पण त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, जादूटोणा आहे, तो शब्दच नाही.

शेवटी संविधान काढलं. उद्देशिकेत ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’, तिन्ही वेगवेगळे. मग मागे तिसऱ्या अनुसूचीतली आमदारांची शपथ वाचली. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणा किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणा, पुढचं वाक्य दोघांना एकच: संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’. म्हणजे देव गाळायची मुभा आहे, श्रद्धा गाळायची नाही. आणि मी भाईंची गाळायला निघाले होते! बरं, तिथे दोन्ही शब्द शेजारी आहेत. एकाने भागलं असतं तर दुसरा कशाला घातला असता?

सव्वाअकरा. समासातली ‘निष्ठा’ खोडली, आणि काट मारलेल्या ‘श्रद्धा’खाली टिंबं दिली. छापखान्यात कळेल, शब्द होता तसाच ठेवायचा. पान ४२ उद्या.