वही, पान 14: फ्लश ड्रॉ आणि चुकीचा गुणाकार

अखेर सापडलं! दोन महिने पोकरमध्ये फ्लश ड्रॉवर (एकाच चिन्हाची चार पानं जमलेली, पाचव्याची वाट) चिप्स गळत होत्या आणि कारण हाती लागत नव्हतं.

शनिवारी गंगापूर रोडला आमचा नेहमीचा डाव बसला (नुसत्या चिप्स, पैसे नाहीत). हातात बदामाची नव्वी-अठ्ठी; फ्लॉपवर (टेबलावर उघडलेली पहिली तीन सामाईक पानं) बदामाचा राजा, बदामाची चौकी, किलवरची तिर्री. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 100, समोरून 50 ची बेट. नऊ आउट्स (फ्लश पुरा करणारी उरलेली बदामं) गुणिले चार, म्हणजे लागायची शक्यता 36 टक्के; 50 भरून 200 च्या पॉटसाठी लागतात 25. कॉल. टर्नला (चौथं पान) इस्पिकची दुर्री, 100 ची बेट, परत कॉल (तेवढ्याच चिप्स भरल्या). रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) चौकटची राणी. संपलं.

रात्री तोच हात वहीत मांडला. चारने गुणायचं ते टर्न आणि रिव्हर दोन्ही त्याच किमतीत दिसणार असतील तरच, म्हणजे ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) झाल्यावर. टर्नला पुन्हा बेट येणार असेल तर दोननेच. 47 पानांत 9 म्हणजे जेमतेम 19 टक्के, आणि मी 25 ची किंमत मोजत होतो. टर्नलाही तेच: 46 मध्ये 9.

खात्रीसाठी दिसलेली सहा पानं बाजूला काढून उरलेल्या 46 मधून शंभरदा रिव्हर उघडला. 27 बदाम! पण पिसताना पानं गठ्ठ्यानेच सरकत होती. मेन रोडवरून घेतलेला कागदी कॅट पावसाळ्यात फुगून चिकटतो; मेंढीकोटला चालेल, सरावाला नाही. प्लास्टिकचा कॅट काढला, दर वेळी सात रिफल केले, म्हणजे कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडली (सात पुरतात, गणितज्ञ बेयर-डायकोनिस यांचा 1992 चा निष्कर्ष साधारण हाच). या शंभरात 18. फार बरं वाटलं.

म्हणून ठरवलं होतं, महिनाभर असे सगळे ड्रॉ फोल्ड, म्हणजे पानं टाकायची. पण हे लिहिता लिहिता आकडे पुन्हा जुळवले. टर्नला 100 भरून 300 मिळणार. बदाम लागल्यावर रिव्हरला समोरून सरासरी आणखी 111 निघाले की कॉल तोट्यात जात नाही. तेव्हा पॉट 400 चा असतो, 111 काही अवघड नाही. मात्र आमच्यातला एक जण तिसरं बदाम पडताच पानं टाकतो, दुसरा हमखास चिप्स भरतो. म्हणजे फोल्ड की कॉल, हे समोर कोण आहे त्यावर.

169 हातांचा प्रीफ्लॉप तक्ता (सुरुवातीच्या दोन पानांचे प्रकार) तूर्त बाजूला. पुढचे चार शनिवार वहीत नवा रकाना: तिसरं बदाम पडल्यावर कोणी किती भरले.